जुने बुलडोझर शोधणारी माणसं

हल्ली बातम्यांत ज्याला बुलडोझर म्हणतात, ते यंत्र बहुतेक वेळा बुलडोझर नसतंच. तो असतो जेसीबी: रबरी टायरवर चालणारा, पुढे सुपडं आणि मागे खोदणारा हात असलेला. गावातल्या कुठल्याही पोराला हा फरक कळतो, बातमी लिहिणाऱ्याला कळत नाही. खरा बुलडोझर लोखंडी चेनवर सरकतो, त्याच्या पुढे आडवं पोलादी पातं असतं, आणि समोरची माती ढकलत नेणं हे त्याचं काम. धरणांवर, खाणींवर तो आजही दिसतो. या खऱ्या बुलडोझरच्या अजस्र, म्हाताऱ्या पूर्वजांना हुडकून काढणारी, दुरुस्त करून पुन्हा चालवणारी माणसं अमेरिकेत आहेत. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. मी कवी माणूस. यंत्रांशी माझा संबंध सायकलची चेन चढवण्यापुरता. पण एका शब्दाचा माग काढता काढता मी या लोकांपर्यंत पोचलो. तो शब्द ओघात येईलच.

आधी यंत्राची कुळकथा. कॅलिफोर्नियात स्टॉकटन शहराजवळची जमीन इतकी भुसभुशीत की वाफेचे जड ट्रॅक्टर चाकांसकट रुतत. बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये चाकं काढून तिथे फिरते पट्टे बसवले. ते सुरवंटासारखं सरपटणारं धूड पाहून नाव पडलं 'कॅटरपिलर'. १९२५ मध्ये होल्ट आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बेस्ट यांच्या कंपन्या एक झाल्या आणि सुरवंटाचं नाव कंपनीला मिळालं. पुढचं पातं मात्र दुसऱ्यांनी लावलं. कॅन्ससमधल्या मॉरोव्हिल या खेड्यात १९२३ मध्ये जेम्स कमिंग्ज हा शेतकरी आणि अर्ल मॅक्लाउड हा नकाशे काढणारा तरुण, या दोघांनी तेलाच्या पाइपलाइनचे चर बुजवायला ट्रॅक्टरपुढे पातं जोडलं. १९२५ मध्ये त्यांना पेटंट मिळालं.

यंत्रं अवाढव्य झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५५ मध्ये कॅटरपिलरचा डी-९ बाजारात आला, २८६ अश्वशक्तीचा. त्याच वर्षी युक्लिड कंपनीने टीसी-१२ आणला. त्याची रचना अजब होती. मधोमध जोडलेले दोन अर्धे भाग, प्रत्येक भागाला स्वतःचं इंजिन, स्वतःचा गिअरबॉक्स आणि स्वतःची चेन. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, अमेरिकेने देशभर महामार्ग बांधण्याचा कायदा केला आणि डोंगरच्या डोंगर हलवायचं काम निघालं. तेव्हा कॅलिफोर्नियातले एक विक्रेते, बस्टर पीटरसन, यांनी दोन डी-९ एकामागे एक जोडून एकाच माणसाच्या हाती दिले. नंतर दोन शेजारी शेजारी जोडून त्यांच्यापुढे चोवीस फुटांचं एकच पातं लावलं. आपल्याकडे नांगराला चार बैल जुंपतात, तशातलाच प्रकार.

सगळ्यांत मोठा बुलडोझर मात्र अमेरिकेत बनला नाही. इटलीतल्या पोर्टोग्रुआरो गावी उम्बेर्तो आक्को यांनी १९८०च्या सुमारास तो बांधला. वजन सुमारे १८३ टन. तो लिबियाला जायचा होता, पण लिबियावर व्यापारबंदी आली आणि इतकं मोठं यंत्र माती न उकरताच उभं राहिलं. त्याला शोधायला कुणाला जावं लागलं नाही, एवढंच त्याचं सुख.

बाकीचे शोधावे लागतात. बंद पडलेल्या दगडखाणी, लाकूडतोडीच्या जुन्या जागा, ठेकेदार वारल्यावर शेताच्या कडेला झाडोऱ्यात बुडालेलं त्याचं सामान ही या शोधाची ठिकाणं. भंगारवाला पोचायच्या आत पोचायचं, ही सगळी शर्यत. कारण वीस-पंचवीस टन पोलाद म्हणजे भंगाराच्या भावातही बरी रक्कम. यंत्र सापडलं की सगळ्यांत आधी गंज खरवडून नंबराची पाटी वाचतात. त्या नंबरावरून यंत्राचं मॉडेल आणि वर्ष कळतं. उदाहरणार्थ, ६६ए ने सुरू होणारा नंबर असला की तो डी-९जी, म्हणजे १९६१ ते १९७४ या काळातला. मग चेन आणि तिच्याखालचे रोलर बघायचे. इंजिन एकवेळ सुधारता येतं, पण झिजलेली चेन बदलायची तर खिसा रिकामा होतो. धुराड्यावर झाकण नसेल तर वर्षानुवर्षांचं पावसाचं पाणी आत उतरून पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलेले असतात. त्यावर औषध म्हणजे सिलिंडरमध्ये तेल ओतायचं आणि वाट पाहायची. दिवस, आठवडे, कधी महिने. मला हे फार आवडलं. एवढ्या दांडग्या यंत्राला जागं करायचं तर दांडगाई चालत नाही.

मग ते सुरू कसं करायचं? जुन्या कॅटरपिलरमध्ये मोठ्या डिझेल इंजिनाशेजारी एक छोटं, दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असे. तिकडचे लोक त्याला 'पोनी' म्हणतात, म्हणजे तट्टू. आधी तट्टू सुरू करायचं. त्याच्या उष्णतेने थंड डिझेल इंजिन गरम होतं. मग एक दांडा ओढून तट्टाचा दात डिझेलच्या चाकात अडकवायचा आणि सिलिंडरमधला दाब मोकळा ठेवून ते मोठं इंजिन नुसतं फिरवत ठेवायचं. तेलाचा काटा वर आला की दाब द्यायचा, डिझेल सोडायचं. एक धक्का, दोन धक्के, काळा धूर, आणि जमीन थरथरू लागते. घाई केली तर काही होत नाही, फक्त तट्टू दमतं.

याला स्टिअरिंगचं चाक नाही. दोन दांडे असतात. डावा ओढला की डाव्या चेनची ताकद तुटते, उजवी चालत राहते आणि यंत्र डावीकडे वळतं. सरळ जमिनीवर हे पाच मिनिटांत जमेल. उतारावर मात्र गंमत उलटी होते. इंजिन यंत्राला मागे धरून ठेवत असताना डावा दांडा ओढला, तर सुटी झालेली डावी चेन पुढे धावते आणि यंत्र उजवीकडे वळतं! डोंगरउतारावर काम करताना ज्यांना हे वेळेवर आठवलं नाही, त्यांना कडा दिसला. त्यात बऱ्याच जुन्या यंत्रांवर छप्परही नसे.

आणि पातं. आजच्या यंत्रात ते तेलाच्या दाबाने जमिनीत दाबता येतं. जुन्यात ते पोलादी दोराला लटकलेलं असे. मागच्या रहाटापासून दोर ऑपरेटरच्या डोक्यावरून पुढे जाई. दांडा ओढला की पातं वर. दोर सोडला की ते स्वतःच्या वजनाने खाली. जोर लावून दाबायची सोयच नाही. जमीन कठीण असेल तर कोन बदलायचा, वेग बदलायचा, एक कोपरा आधी रुतवायचा. चांगला ऑपरेटर बसल्या जागी, पार्श्वभागाला जाणवणाऱ्या हेलकाव्यावरून जमिनीची समपातळी ओळखतो, असं म्हणतात. हे ज्ञान पुस्तकात मावत नाही. म्हणून यंत्र नुसतं रंगवून उभं करण्यात या लोकांना रस नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी जुन्या बांधकाम यंत्रांसाठी एक संस्था काढली. ओहायो राज्यात बोलिंग ग्रीन इथे तिचं संग्रहालय आणि कागदपत्रांचं दफ्तर आहे. तिच्या मेळाव्यांत यंत्रं खरोखर माती ओढतात आणि म्हाताऱ्या ऑपरेटरांच्या शेजारी तरुण उभे राहून बघतात.

आता तो शब्द. बुलडोझर हा शब्द यंत्राआधीचा आहे. १८७६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या सुमारास, लुइझियाना राज्यात, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या माणसांनी मत देऊ नये म्हणून त्यांना रात्री गाठून चाबकाने फोडून काढत. बैलाला पुरेल एवढा 'डोस', म्हणून त्या मारहाणीला म्हणत बुलडोझ, आणि मारणारा तो बुलडोझर. पुढे हा शब्द लोखंड वाकवणाऱ्या दांडग्या यंत्राला लागला, आणि १९३०च्या आसपास पात्यासकट ट्रॅक्टरला. म्हणजे शब्द आधी माणसांवर चालला, मातीवर नंतर. माझ्यासारख्या नावाच्या माणसाला हे वाचून फार आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडेही तो पुन्हा माणसांवर चालायला लागला, तेव्हा १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कुणी आरोपी किंवा दोषी आहे एवढ्यावरून त्याचं घर पाडता येणार नाही, आणि पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल.

पण या शब्दाच्या गोष्टीत एक वळण आहे, आणि ते भारतात आहे. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने आसाममधल्या लेडो गावापासून ब्रह्मदेशामार्गे चीनकडे रस्ता काढायला घेतला. काम होतं जंगल, मलेरिया आणि कडे कोसळवणारा पाऊस यांच्याशी. तिथे राबलेल्या सुमारे पंधरा हजार अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्याहून जास्त काळे होते. सैन्यात तेव्हा गोऱ्या-काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या. ती पद्धत बंद करण्याचा हुकूम १९४८ मध्ये निघाला. या काळ्या तुकड्यांतली माणसं बुलडोझरवर बसली आणि पांगसाऊ खिंडीतून रस्ता कापत गेली. त्यांच्याबरोबर हजारो स्थानिक मजूर कुदळ-फावडं घेऊन होते. फेब्रुवारी १९४३ च्या अखेरीस पुढच्या यंत्रांनी ब्रह्मदेशची सीमा ओलांडली. जानेवारी १९४५ मध्ये लेडोहून निघालेला पहिला ताफा ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला. ज्यांच्या आजोबांना बुलडोझ केलं जात होतं, त्यांचे नातू बुलडोझरच्या दांड्यांवर हात ठेवून होते. यंत्राची नंबराची पाटी शोधणाऱ्यांनी या नातवांची नावंही शोधावीत, असं मला वाटतं. पाटीवर कारखाना असतो, नंबर असतो. चालवणारा नसतो.

युद्ध संपलं, सैन्य गेलं. १९४७ मध्ये भारत सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काढली ती अमेरिकी सैन्याचे उरलेले ट्रॅक्टर हाताशी धरून. मध्य भारतात कांस नावाचं गवत लाखो एकर जमीन गिळून बसलं होतं. त्याच्या मुळ्या इतक्या खोल जातात की बैलांच्या नांगराला ते दाद देत नाही; शेतकरी शेत सोडून निघून जात. चेनच्या जड ट्रॅक्टरांनी ती जमीन खोल उलथली. पुढे १९४९ मध्ये याच कामाच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. घरं पाडण्यासाठी नाव काढलेल्या यंत्राच्या भावंडांनी इथे आधी शेतं परत मिळवून दिली होती.

त्यांतलं एखादं धूड अजून कुठे उभं असेल का? भोपाळकडे, माळव्यात, कुठल्याशा बांधावर, बाभळीत अडकून? कुणाच्या पाहण्यात असेल तर भंगारवाल्याला सांगण्याआधी मला पत्र टाका. पाटीवरचा नंबर लिहा, आणि गावात कुणी म्हातारा ते चालवत असे का, तेही विचारून ठेवा.