कोट-पाटलोणीतले संन्यासी

स्पेन देशाच्या उत्तरेला लोग्रोन्यो म्हणून एक गाव आहे. १९१७-१८ सालच्या हिवाळ्यात तेथील रस्त्यांवर बर्फाचा थर साचला होता, आणि त्या बर्फात एका शाळकरी पोराला अनवाणी पावलांचे ठसे दिसले. कार्मेल पंथाचा कोणी साधू त्या वाटेने गेला होता. गावातल्या इतरांनीही ते ठसे पाहिले असतील आणि अंगावरचे पांघरूण आवळून ते आपल्या कामाला गेले असतील. हा पोरगा मात्र उभा राहिला. देवासाठी हा माणूस एवढे सोसतो, मग मी काय देतो, असा प्रश्न त्याला पडला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

पोराचे नाव होसेमारिया एस्क्रिवा. जन्म ९ जानेवारी १९०२, बार्बास्त्रो गावी. बापाचा कापडाचा व्यापार बुडाला म्हणून कुटुंब लोग्रोन्योस आले होते. त्याआधी १९१० ते १९१३ या अवघ्या तीन-चार वर्षांत त्याच्या तीन धाकट्या बहिणी एकीमागून एक गेल्या, त्याही धाकटी आधी आणि मोठी मागून अशा क्रमाने. तेव्हा आता पाळी माझी, असे हे पोर म्हणू लागले होते म्हणे. ज्या घरात मृत्यू असा पायरीपायरीने वर चढत येतो, त्या घरातल्या मुलाला बर्फातली पावले दिसावीत यात मला तरी नवल वाटत नाही.

हाच मुलगा १९२५ साली धर्मगुरू झाला, आणि २ ऑक्टोबर १९२८ रोजी माद्रिद शहरात एकांतवासात असताना त्याला एका संस्थेची कल्पना सुचली. तिचे नाव पुढे 'ओपुस देई', म्हणजे ईश्वराचे कार्य, असे पडले. संस्थेतले लोक आपसात नुसते 'कार्य' एवढेच म्हणतात. कल्पना अशी की, देव गाठायला मठात जाण्याचे कारण नाही. वकिलाने वकिली करावी, डॉक्टराने रोगी तपासावेत, सुताराने रंधा मारावा. मात्र ते काम इतके चोख करावे की तीच पूजा व्हावी.

आपल्याकडच्या वाचकाला यात काही अपूर्व वाटणार नाही. सावता माळ्याने मळा सोडला नाही, गोरोबाने चाक सोडले नाही, आणि नामदेवाच्या घरी कपडे शिवणे चालूच होते. परंतु त्या काळच्या स्पेनमध्ये पावित्र्य ही झगा घातलेल्यांची मिरास होती. तेथे कोट-पाटलोणीतला संन्यासी ही गोष्ट धाडसाचीच म्हटली पाहिजे. दीड वर्षाच्या आतच, १४ फेब्रुवारी १९३० रोजी, स्त्रियांसाठीही दार उघडले गेले. आपल्या संस्थेत स्त्रिया कधीही असणार नाहीत, असे एस्क्रिवा तोवर सांगत होता!

पुढे १९३६ साली यादवी युद्ध पेटले. त्या तीन वर्षांत धर्मगुरू, साधू आणि जोगिणी मिळून सुमारे सात हजार जण मारले गेले. एस्क्रिवा कधी ओळखीच्यांच्या घरी लपला, कधी वेड्यांच्या इस्पितळात रोगी बनून राहिला, आणि १९३७ च्या अखेरीस काही तरुण सोबत्यांसह पिरेनीज पर्वत पायी ओलांडून अंडोराला पोचला. हे सांगावयाचे कारण, पुढे या संस्थेवर गुप्ततेचा आणि लष्करी शिस्तीचा जो आरोप झाला, त्याची मुळे मला या लपाछपीच्या दिवसांत दिसतात. ज्याने आपली ओळख लपवून जीव वाचवला, त्याला उघड्यावर वावरण्याची सवय पुन्हा सहजी लागत नाही.

१९३९ मध्ये 'कामिनो', म्हणजे 'वाट', हे त्याचे ९९९ सूत्रांचे पुस्तक निघाले. १९४६ साली तो रोमला गेला, १९५० साली पोपने संस्थेला कायमची मान्यता दिली. आज तिचे सुमारे नव्वद हजार सभासद जगभर आहेत. त्यांतले बहुसंख्य मुलाबाळांचे संसारी लोक. उरलेल्यांत मोठा भाग ब्रह्मचर्याने राहणाऱ्यांचा. त्यांपैकी ज्यांना 'न्यूमररी' म्हणतात ते संस्थेच्या घरांत राहतात, बाहेर बँकेत, विद्यापीठात, इस्पितळात नोकरी करतात आणि पगार घरच्या कारभाऱ्याच्या हवाली करतात. वाद मुख्यतः यांच्या दिनक्रमाविषयी आहे.

पहाटे हाक येताच अंथरुणात क्षणभरही न लोळता उठायचे, जमिनीचे चुंबन घ्यायचे आणि 'सेवा करीन' अशा अर्थाचा एक लॅटिन शब्द उच्चारायचा. मग ध्यान, प्रार्थना, जपमाळ, धर्मग्रंथाचे वाचन, रात्री आत्मपरीक्षण. येथवर कोणाची हरकत असणार नाही. पण रविवार व सणाचे दिवस वगळून रोज दोन तास मांडीभोवती टोकदार कड्यांची साखळी बांधायची. तिचे नाव सिलिस. मुळात सिलिसिया प्रांतातल्या बकऱ्यांच्या केसांचे खरखरीत कापड अंगाला लावीत, त्यावरून हे नाव आले. कापड जाऊन पुढे लोखंड आले. आठवड्यातून एकदा दोऱ्यांच्या आसुडाने प्रार्थना म्हणत स्वतःस मारून घ्यायचे. पुरुषांनी आठवड्यातली एक रात्र उशीविना अथवा जमिनीवर काढायची. स्त्रियांनी मात्र रोजच फळीवर निजायचे. हा फरक का, हे मला कोणत्याही समर्थनात पटण्यासारखे सापडले नाही.

आपल्या दारी पोतराज येतो. ढोलक्याच्या तालावर तो स्वतःवर आसूड ओढतो, पोरेबाळे दाराआड दडतात, आणि सुपातले दाणे घेऊन तो पुढच्या घरी जातो. त्याचा आसूड चव्हाट्यावरचा. सगळ्या गावाने पाहिलेला. माद्रिदच्या बँकेतला साहेब मांडीवर साखळी बांधून खातेदाराशी हसून बोलतो, आणि कोणाला काही कळत नाही. कॅथलिक परंपरेत देहदंड जुनाच आहे; थोर थोर संतांनी तो केला आहे. माणसाने स्वतःच्या राजीखुशीने देह कष्टवला तर त्यात मी काय बोलावे? आषाढी एकादशीला माझी आईही पाणी पीत नसे. म्हणून सिनेमा-कादंबऱ्यांनी या साखळीचे जे भांडवल केले ते मला उथळ वाटते. खरी सल त्या साखळीत नाहीच.

ती आहे पत्रांत. घरात राहणाऱ्या सभासदाला आलेले पत्र आधी संचालक वाची, आणि त्याने लिहिलेलेही संचालकाच्या नजरेखालून जाई, असे बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी लिहून ठेवले आहे. कोणते पुस्तक वाचायचे याची परवानगी, सिनेमाला जायची मनाई, खर्चाचा पैपैचा हिशेब. आठवड्याला एका वडीलधाऱ्या सभासदापाशी मन मोकळे करायचे. आणि ते मोकळे केलेले मन वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचे, ही यांतली सर्वांत कडवट तक्रार. अलीकडे पत्रे उघडण्याची चाल बंद पडल्याचे संस्था सांगते.

येथे माझी एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका हुशार मुलाच्या वहीत मला पत्र सापडले. त्याच्या भल्यासाठी म्हणून मी ते वाचले, आणि त्याच्या भल्यासाठीच त्याला चार शब्द सांगितले. मुलाने मान खाली घालून ऐकले, उलट उत्तर दिले नाही. पण त्या वर्षात त्याने मला पुन्हा कधी शंका विचारली नाही. वर्ग तोच, फळा तोच, पहिल्या बाकावरचा मुलगा तोच. फक्त त्याचा हात वर होईनासा झाला. दुसऱ्याच्या भल्याची खात्री असलेला माणूस किती सहज दार न वाजवता आत शिरतो, हे मला त्या वर्षी कळले.

आणि ही मुले किती वर्षांची? संस्थेत साडेचौदाव्या वर्षी उमेदवार होता येते. कायदेशीर प्रवेश अठराव्या वर्षी, मग दर १९ मार्चला करार नवा करायचा, आणि निदान पाच वर्षांनी आजन्म बांधिलकी. कागदावर हे फार सावध दिसते. स्पेनमधल्या आपल्या बोलीत प्रवेशाचे पत्र लिहिण्याला ते 'शिट्टी वाजवणे' म्हणतात. शिट्टी वाजवणाऱ्या मुलाने एवढ्यात घरी बोलू नये असा सल्ला त्याला मिळे, अशी आईबापांची तक्रार होती. १९८१ च्या जानेवारीत लंडनच्या 'टाइम्स'ने हे सारे छापले. त्याच वर्षी डिसेंबरात वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप कार्डिनल ह्यूम यांनी आपल्या मुलखापुरते चार नियम घालून दिले: अठरा वर्षांखालील कोणाकडून दीर्घ बांधिलकीचे वचन घेऊ नये, मुलाने आईबापांशी बोलावे, न बोलण्यास सबळ कारण असेल तर स्थानिक बिशपशी चर्चा व्हावी, येण्याजाण्याची मोकळीक असावी, आणि संस्थेचे उपक्रम उघडपणे तिच्या नावाने चालावेत. भाषा सौम्य होती. पण ज्या गोष्टी घडतच नाहीत त्यांच्यासाठी कोणी नियम करीत नाही.

वरिष्ठ वर्तुळातही ठिणग्या उडत. मारिया देल कार्मेन तापिया ही एके काळी संस्थापकाच्या सचिवालयात होती, पुढे व्हेनेझुएलातल्या स्त्री-विभागाची प्रमुख झाली. १९६५ साली तिला रोमला बोलावून घेतले, आणि तेथे महिनोन् महिने टेलिफोन नाही, पत्र नाही, बाहेर पडणे नाही अशा स्थितीत ठेवून शेवटी १९६६ मध्ये घालवून दिले, असे तिने १९९२ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. संस्थेला तिचे कथन मान्य नाही. त्याच १९६६ साली रायमोन पणिक्कर यांचाही संबंध तुटला. हे नाव आपल्याला जवळचे. बाप केरळचा हिंदू, आई कातालान कॅथलिक; विशीतच संस्थेत शिरले, धर्मगुरू झाले, आणि १९५४ साली प्रथम हिंदुस्थानात येऊन म्हैसूर व काशीत शास्त्राभ्यासाला बसले. गंगेच्या काठी उपनिषदे वाचणारा माणूस रोमहून आलेल्या चौकटीत मावेना, यात दोष काशीचा म्हणायचा की चौकटीचा?

राजकारणाचे थोडक्यात उरकतो, कारण त्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. १९५७ साली फ्रँकोच्या मंत्रिमंडळात उल्यास्त्रेस आणि नावारो रुबियो हे सभासद आले, आणि १९५९ च्या योजनेने स्पेनची बुडती अर्थव्यवस्था सावरली. दुसरा सभासद काल्व्हो सेरेर याचे 'माद्रिद' हे दैनिक त्याच फ्रँकोने १९७१ साली बंद पाडले. तेव्हा संस्थेला सरसकट हुकूमशहाची बटीक म्हणणे न्यायाचे नाही.

१९७५ च्या २६ जून रोजी एस्क्रिवा वारला. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी संस्थेला स्वतःचा प्रमुख असलेला असा खास दर्जा दिला की तसा दुसऱ्या कोणासच नाही. ६ ऑक्टोबर २००२ रोजी संस्थापक संत ठरला. मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांत संतपद म्हणजे त्या धर्माच्या घड्याळाने अगदी घाईचे. आणि चौकशीत आमची साक्ष घेतली नाही, असे काही माजी सभासद सांगत राहिले. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली संस्थाप्रमुखाला बिशप करण्याची वहिवाट बंद केली आणि संस्थेला अधिक काटेकोर देखरेखीखाली आणले.

आता राहिल्या त्या स्त्रिया, ज्यांच्याविषयी मी हा लेख लिहायला घेतला. काम हीच पूजा असे म्हणणाऱ्या या संस्थेत घरकामाची पूजा कोणाच्या वाट्याला आली? 'सहायक' नावाच्या स्त्रियांच्या. याही ब्रह्मचारिणी सभासदच. पण यांचे जन्मभराचे काम म्हणजे स्वयंपाक, धुणे, इस्त्री, झाडलोट, तीही पुरुषांच्या घरांची सुद्धा. पुरुषांचे घर आणि या बायकांचा भाग यांच्यामधले दार कुलूपबंद. पुरुष नसतील अशा वेळी खोल्या झाडायच्या. गणवेश घालून ताटे वाढायची, पण जेवणाऱ्याशी बोलायचे नाही.

२०२१ साली अर्जेंटिना व शेजारच्या देशांतल्या अशा ४३ जणींनी व्हॅटिकनकडे तक्रार केली. खेड्यापाड्यांतल्या गरीब घरांतून अजाण वयात, शिक्षण देतो म्हणून आम्हाला आणले. शिकवला तो घरधंदा. दिवसाचे बारा-बारा तास राबवले आणि मोल दिले नाही, असे त्यांचे म्हणणे. २०२४ मध्ये तेथील सरकारी वकिलांनी न्यायालयापुढे माणसांच्या व्यापाराचा आरोप मांडून संस्थेच्या वरिष्ठांची जबानी मागितली. संस्थेने आरोप साफ नाकारला. त्या सभासद होत्या, स्वखुशीने हा मार्ग पत्करून आल्या, असा तिचा जबाब आहे.

स्वखुशी होती की नाही हे तेथले न्यायाधीश पाहतील. त्या बायकांच्या मागण्यांत एक साधी मागणी आहे, आणि ती वाचताना मला बर्फातली पावले पाहून थांबलेला तो पोरगा आठवला. घर सोडून निघाल्या तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणींनी चाळिशी-पन्नाशी गाठली होती. आणि म्हातारपणच्या पेन्शनसाठी त्यांच्या नावे जी वर्गणी भरायची, ती वर्षानुवर्षे भरलेलीच नव्हती. त्या म्हणतात, आमची कामाची वर्षे तेवढी मोजून द्या.