पुलाचा पैसा आणि दराची पाटी

जकात आणि टोल हे शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. नाका दोघांचा एकच, त्यामुळे हा घोटाळा क्षम्य आहे. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. जकात मालावर बसते आणि सत्तेच्या खजिन्यात जमा होते. टोल वाटेवर बसतो आणि तो वाटेसाठीच खर्च व्हावा, अशी त्यामागची कल्पना असते. घाटोघाटी मालावर घेतली जाणारी जुनी जकात मुंबई इलाख्यातून 1830 च्या दशकात उठली. त्यानंतर फार काळ लोटला नाही तोच 1851 चा आठवा कायदा आला आणि सरकारी खर्चाने बांधलेल्या अथवा दुरुस्त केलेल्या रस्त्यांवर व पुलांवर टोल घेण्याची मुभा सरकारला मिळाली. पुढच्या टोलकायद्यांचा हा मूळपुरुष.

हा कायदा अवघ्या काही कलमांचा आहे, पण वाचण्याजोगा आहे. टोल न भरणाऱ्याची गाडी, जनावर किंवा गाडीवरचा माल अडकवून ठेवण्याचा अधिकार नाकेदारास होता. चोवीस तासांत पैसे आले नाहीत तर लिलाव, आणि उरलेली रक्कम मालकास परत. आज फास्टॅग नसला तर दुप्पट आकार पडतो (2025 च्या नोव्हेंबरपासून यूपीआयने भरणाऱ्यास सव्वापट); त्याबद्दल कुरकुरणाऱ्याने बैल गमावण्याची धास्ती कल्पून पाहावी! मात्र हाच कायदा नाकेदारालाही मोकळे सोडत नव्हता. ठरल्याहून अधिक टोल घेणाऱ्यास, किंवा अधिकार नसता टोल मागणाऱ्यास, सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता, आणि दंडाचा काही भाग नाडलेल्या माणसास देता येत असे. दराचा तक्ता नाक्यापाशी ठळक जागी, इंग्रजीबरोबरच जिल्ह्याच्या भाषेत लावणे बंधनकारक होते. त्यावर दोन्ही बाजूंच्या शिक्षा लिहिलेल्या हव्यात. आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न त्याच इलाख्यातील रस्ते व पूल यांवरच लावावे, असे शेवटचे कलम सांगते.

परक्या सरकारचा हा कायदा, त्याची तरफदारी करण्याचे आम्हांस कारण नाही. तरीही पैसा कशासाठी घेतो, किती घेतो आणि जास्त घेतला तर काय होईल, हे देणाऱ्याच्या भाषेत त्याच्या डोळ्यांसमोर मांडण्याची ही शिस्त आम्हांस मोलाची वाटते.

मुंबई इलाख्याने 1875 मध्ये रस्ते व पूल यांवरील टोलासाठी स्वतःचा कायदा केला. आपला तालुका तेव्हा त्याच इलाख्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. परंतु राज्य पुनर्रचना कायद्याच्या 119 व्या कलमाप्रमाणे जुने कायदे सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत आपापल्या मुलखात चालू राहिले. सरहद्द एका रात्रीत हलली. कायद्याची पुस्तके मागे राहिली.

खरा पालट राष्ट्रीय महामार्गांमुळे झाला. 1956 च्या महामार्ग कायद्यात आकार होता तो नावा, तात्पुरते पूल आणि बोगदे यांपुरता. कायमचे पूल त्यात 1977 च्या दुरुस्तीने आले आणि 1990 च्या दशकात रस्त्यांचे टप्पेच्या टप्पे. म्हणजे कणकुंबीला उगम पावून खानापुरावरून जाणाऱ्या मलप्रभेसारखी नदी ओलांडण्याचा पैसा वेगळा दिसेनासा झाला. तो किलोमीटरांच्या हिशेबात विरघळला. पूल डोळ्यांना दिसतो, त्याचा खर्च माणूस अंदाजाने तरी ताडतो. किलोमीटरांचा हिशेब कोण ताडणार?

2008 च्या शुल्क नियमांनी एक दिलासा ठेवला होता: सरकारी पैशाने बांधलेल्या कामाचा भांडवली खर्च वसूल झाला की शुल्क 40 टक्क्यांवर आणावे. 2023 च्या दुरुस्तीने ही घट काढून टाकली. आमच्या मते, वाटेचा पैसा वाटेसाठी या जुन्या कराराचा कणा तेथे मोडला, कारण वसुलीला शेवट असतो हे त्यातच गृहीत होते. कोल्हापूरकरांनी शहरातील रस्त्यांच्या टोलाविरुद्ध गोविंद पानसरे आणि एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे आंदोलन केले, तेव्हाही हिशेब मागण्याचीच भाषा होती. तो टोल रद्द झाल्याची घोषणा 2015 च्या डिसेंबरात झाली. पानसरे त्याच वर्षी फेब्रुवारीत मारले गेले होते.

आपल्या बेळगाव–पणजी मार्गावर गणेबैलचा नाका 2023 मध्ये सुरू झाला. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे म्हणणे, आधी मोबदला, मग टोल. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खाजगी वाहनासाठी मासिक पास मिळतो, तो नियमांतच आहे. तो मागताना जवळ राहत्या पत्त्याचा पुरावा असू द्यावा आणि नाक्यावरचा दराचा फलक एकदा पुरता वाचून घ्यावा.