बिनधुराचा विस्तव: ब्रिटनमधील विजेच्या फायरप्लेसचा इतिहास

विजेची फायरप्लेस ब्रिटिश घरात कोळशाच्या आगीच्या जागी आली, तेव्हा तिच्यावर दोन कामे पडली: खोली तापवणे आणि डोळ्यांना आग दिसत ठेवणे. कोळशाच्या आगीत ही दोन्ही कामे एकाच निखाऱ्याकडून होत. विजेने ती अलग केली. गेली शंभर वर्षे घरासाठी असे उपकरण निवडताना, यातल्या कशासाठी किती पैसे मोजायचे, हाच खरा प्रश्न राहिला आहे.

मध्ययुगातल्या साध्या इंग्रज घरात आग खोलीच्या मध्यभागी जमिनीवर पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. सोळाव्या शतकात सामान्यांच्या घरांवरही धुराडी दिसू लागली. विल्यम हॅरिसन या पाद्र्याने १५७७ साली छापलेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात, गावातल्या म्हाताऱ्यांना थक्क करणाऱ्या बदलांमध्ये या धुराड्यांचा समावेश केला आहे. पुढे राजाने त्यांतून महसूलही काढला. १६६२ पासून दर फायरप्लेसमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता. मोजणीसाठी वसुलीदार थेट घरात शिरत, म्हणून लोक या करावर चिडलेले असत. १६८९ मध्ये तो रद्द झाला. लंडनमध्ये जळणारा कोळसा न्यूकॅसलहून समुद्रमार्गे येई आणि त्याच्या धुराविरुद्ध जॉन एव्हलिन यांनी १६६१ मध्येच पुस्तिका लिहिली होती.

आगीची रचना सुधारली ती काउंट रम्फर्ड यांनी. १७९६ च्या सुमारास त्यांनी फायरप्लेस उथळ केली, तिच्या बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि धुराड्याचे तोंड अरुंद केले. त्यामुळे खोलीत जास्त आच येऊ लागली आणि धूर नीट वर जाऊ लागला. तरीही बहुतेक उष्णता धुराड्यावाटे निघूनच जाई. आगीसमोर बसणाऱ्याचा चेहरा तापे आणि पाठ गारठलेली राही. या आगीमागे रोजचे कष्टही होते. पहाटे उठून राख काढायची, जाळी घासायची, कोळशाच्या बादल्या जिने चढून वर न्यायच्या, हे सारे मोलकरणींच्या वाट्याला येई. या सुखाची किंमत कोण मोजत होते, याचा उल्लेख जुन्या वर्णनांत फार थोडा सापडतो.

विजेवर खोली तापवण्याचे प्रयोग १८९० च्या दशकात सुरू झाले. क्रॉम्प्टन आणि डाउझिंग यांनी ओतीव लोखंडाच्या पट्ट्यांवर तार बसवून तापणारी उपकरणे केली. नंतर कार्बनच्या तंतूचे लांबट, मोठे दिवे वापरून हीटर निघाले. अडचण तारेची होती. लालभडक तापलेली साधी तार हवेतल्या ऑक्सिजनमुळे लवकर जळून तुटे. निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे, म्हणजे नायक्रोमचे, पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले आणि ती अडचण संपली. या तारेवर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो व तो आतल्या धातूचे रक्षण करतो. १९१२ मध्ये चार्ल्स बेलिंग यांनी एनफील्ड येथे भाजक्या मातीच्या साच्यावर तार गुंडाळून हीटर बनवायला सुरुवात केली. लाल तापलेल्या दांड्या आणि मागे चकचकीत पत्रा, हे ब्रिटिश घरातल्या विजेच्या आगीचे ओळखीचे रूप त्यातूनच घडत गेले.

तरी वीज महाग होती आणि गावोगाव तिचा दाब वेगळा होता. १९२६ च्या कायद्याने मध्यवर्ती वीज मंडळ स्थापन झाले आणि १९३३ पर्यंत राष्ट्रीय वीजजाळे चालू झाले. दरम्यान पहिल्या महायुद्धानंतर मोलकरणी मिळणे अवघड होत चालले होते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या महिला विद्युत संघटनेने आणि तिच्या संचालिका कॅरोलिन हॅस्लेट यांनी, वीज बाईला राख आणि कोळशापासून सोडवते, हा विचार घरोघरी पोचवला. विजेच्या आगीच्या प्रसारात हे काम तारेच्या शोधाइतकेच मोलाचे आहे. भाड्याच्या खोल्यांत मात्र नाणे टाकून चालणारा मीटर असे; नाणे संपले की ऊब संपली.

लाल दांडीने अंग शेकले जाई, पण घरमालकांना निखारे हवे होते. १९२० च्या दशकात बेरी कंपनीची 'मॅजिकोल' ही विजेची आग बाजारात आली. अशा उपकरणांत अर्धपारदर्शक काचेचे कोळसे रचलेले असत आणि त्यांच्याखाली तांबडा दिवा लावलेला असे. दिव्याच्या वर पातळ पत्र्याचे एक छोटे चक्र सुईच्या टोकावर तोललेले असे. दिव्याने तापलेली हवा वर चढताना ते फिरे, त्याची पाती प्रकाश अडवत-सोडत आणि कोळशांवर धग हलल्याचा भास होई. यासाठी मोटर लागत नसे, आवाजही होत नसे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा देखावा तापणाऱ्या तारेपासून स्वतंत्र होता. हीटर बंद ठेवून नुसती 'आग' पेटवता येई.

कोळशाच्या बाजूने बोलणारेही होते. जॉर्ज ऑर्वेल यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वृत्तपत्रात उघड्या आगीची बाजू मांडली. तिच्यामुळे कुटुंब एका ठिकाणी जमते, असे त्यांचे म्हणणे होते. सात वर्षांनी, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत, धूर आणि धुक्याने लंडन गुदमरले. सुरुवातीच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली; नंतरचे अंदाज याहून बरेच मोठे आहेत. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने नगरपालिकांना धूरनियंत्रण क्षेत्रे ठरवण्याचा अधिकार मिळाला आणि लाखो घरांत जळण बदलणे भाग पडले. विजेची आगही निर्धोक नव्हती. उघड्या दांडीला कपडा लागून मुले भाजत. जीवाणुशास्त्रज्ञ लेनर्ड कोलब्रुक यांच्या पाठपुराव्यानंतर १९५२ मध्येच हीटरला संरक्षक जाळी सक्तीची करणारा कायदा झाला.

१९६० आणि १९७० च्या दशकांत उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू आला, घरोघर मध्यवर्ती तापन बसले आणि खोली तापवण्याचे काम रेडिएटरांकडे गेले. विजेची फायरप्लेस तरीही टिकली, ती ज्वाळेच्या देखाव्यामुळे. चक्राची जागा मोटरने फिरणाऱ्या चकचकीत पट्ट्यांनी घेतली, बल्बची एलईडीने. काही उपकरणांत पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवून त्यांवर प्रकाश पाडतात आणि धूर उठल्यासारखा दिसतो. देखाव्याला अगदी थोडी वीज लागते. उष्णता बहुधा वेगळ्या पंख्याच्या हीटरमधून येते. त्यामुळे ज्वाळेसमोर बसूनही जुन्या आगीसारखी थेट आच चेहऱ्याला लागत नाही.

ताकदीची मर्यादा प्लगने ठरवली आहे. हॅस्लेट ज्या समितीत होत्या, तिच्या कामातून १९४७ चा तेरा अँपियरचा प्लग आला आणि त्यातून सुमारे तीन किलोवॅटच घेता येतात. बहुतेक फायरप्लेस दोन किलोवॅटपर्यंतच्या असतात. अमेरिकेत दाब कमी असल्याने हा आकडा साधारण दीड किलोवॅट आहे. घेतलेली सगळी वीज उष्णतेत बदलते आणि धुराड्यावाटे काही वाया जात नाही, पण हीटपंप तेवढ्याच विजेत अनेक पट ऊब देतो. म्हणून विजेची फायरप्लेस थोड्या वेळासाठी, एका खोलीपुरतीच परवडते. २०१८ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या खोली तापवणाऱ्या विजेच्या नव्या उपकरणांना कार्यक्षमतेचे नियम लागू झाले आणि त्यामुळे तापमान व वेळ ठरवणारी यंत्रणा विजेच्या फायरप्लेसमध्येही सर्रास आढळू लागली.