जांभ्याच्या भिंतीआड फ्लोरेन्स

रत्नागिरीहून गोव्याला सहल निघाली की जुन्या गोव्यातल्या चर्चच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. पुढे मंगेशी, शांतादुर्गा आणि संध्याकाळचा समुद्र, असा कार्यक्रम ठरलेलाच असतो. मग बॉम जेझू चर्चमध्ये रांगेने शिरायचे, उंचावरची चांदीची पेटी पाहायची, "हेच का ते शव?" असे विचारायचे आणि बाहेर येऊन फोटो काढायचा. युरोपच्या सहलीला गेलेली आपली मंडळी रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस चार दिवसांत उरकतात, त्यातलाच हा प्रकार. वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे असतात. कोणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण या घाईत काय निसटते, ते सांगावेसे वाटते.

पेटीतले शव संत फ्रान्सिस झेवियर यांचे. १५४२ साली ते गोव्यात आले आणि १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले. पुढे १५५४ साली त्यांचे शव गोव्यात आणले गेले. चांदीची पेटी १६३७ सालची. ती गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली आणि तिच्यावर झेवियर यांच्या आयुष्यातले प्रसंग उठावाच्या कामात दाखवले. सगळ्यांची नजर तिथेच खिळते. तिच्याखालच्या रंगीत दगडांच्या उंच चौथऱ्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि तो तर थेट इटलीतल्या फ्लोरेन्सहून आलेला आहे!

त्याची हकिकत अशी. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कॉसिमो हा मेदिची या प्रसिद्ध कलाप्रेमी घराण्यातला. झेवियर यांचे मस्तक ज्या उशीवर टेकवलेले होते, ती उशी जेझुइट पाद्र्यांनी त्याला भेट दिली. तिची परतफेड म्हणून त्याने हे स्मारक करवून घेतले. त्याचा दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी सुमारे दहा वर्षे या कामावर होता. संगमरवर आणि इतर रंगीत दगड, चार बाजूंना ब्राँझची चार शिल्पफलके, असे ते काम. सुटे भाग जहाजाने गोव्याला आले आणि १६९८ साली फ्लोरेन्सच्याच माणसाने ते इथे जुळवले. फोज्जिनीने स्वतः गोवा कधी पाहिला नाही. खाली फ्लोरेन्सचे हात आणि वर गोव्याचे, असे हे एकच स्मारक आहे.

या पेटीशी मराठ्यांच्या इतिहासाचाही धागा जुळलेला आहे. १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्याजवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा हादरलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या हाती सोपवला आणि रक्षणाची याचना केली. स्मारक उभे राहिले त्या १६९८ साली तिकडे जिंजीचा किल्ला मोगलांच्या हाती पडला होता.

आता बाहेर या आणि भिंत पाहा. १६०५ साली पूर्ण झालेल्या या चर्चची लाल भिंत आपल्याच जांभ्या दगडाची. ती मुळात उघडी नव्हती, तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगीज अमदानीतच तो काढून टाकला गेला. जांभा पाणी पितो, हे रत्नागिरीकरांना वेगळे सांगायला नको. आपण पावसाच्या माऱ्याच्या बाजूला उगाच झापे बांधत नव्हतो. १९८६ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या जुन्या गोव्यातली ही भिंत पावसाळ्यागणिक झिजते आहे. गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी जाणकारांनी केली आहे. फोटोत सुंदर दिसणारा लाल रंग हे त्या भिंतीचे दुखणे आहे. पटत नसेल तर जवळच्या सेंट कॅजेटन चर्चकडे जा. इटालियन धर्मगुरूंनी रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून ते बांधले. तिथल्या जांभ्यावर चुना अजून शाबूत आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की पुढच्या सहलीत एखादे ठिकाण कमी करा आणि तो अर्धा तास बॉम जेझूला द्या. पेटी पाहून झाली की नजर खाली चौथऱ्यावर आणा, ब्राँझची फलके निरखा, बाहेर पडताना भिंतीला हात लावून पाहा. बरोबर मुले असतील, तर फ्लोरेन्स कुठे आहे, हे त्यांना तिथेच नकाशावर दाखवा.