टॉवरखालची पन्नास वर्षं

ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाचा टॉवर 307 फूट उंच आहे. 1 ऑगस्ट 1966 ला चार्ल्स व्हिटमन हा तिथलाच विद्यार्थी, एके काळचा मरीन सैनिक, बंदुका घेऊन वरच्या सज्जात गेला आणि दीड तास खालची माणसं टिपत राहिला. काही नागरिकांनी शिकारीच्या रायफली आणून खालून उलट गोळीबार केला. अखेर पोलिसांनी त्याला सज्जातच ठार केलं. त्या दीड तासाचे दोन अर्थ टेक्सस अजून उगाळतं आहे: सामान्यांच्या हाती बंदुका होत्या म्हणून बळी कमी गेले, आणि बंदूक सहज मिळाली म्हणूनच बळी गेले.

विद्यापीठ मात्र गप्पच राहिलं. मृतांची नावं कोरलेला दगड बसायला 2016 उजाडलं.

त्याआधीच, 2015 मध्ये, राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी 'कॅम्पस कॅरी' कायद्यावर सही केली होती. परवानाधारकाला सरकारी विद्यापीठाच्या इमारतींत पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा मिळाली. खासगी विद्यापीठांना नकाराची सोय होती आणि बहुतेक सगळ्यांनी नकारच दिला. माझ्या मते या वादातला सर्वांत बोलका पुरावा हाच. सरकारी विद्यापीठांना सरसकट बंदी घालता येत नव्हती. विद्यापीठ समूहाचे कुलपती विल्यम मॅकरेव्हन यांनी उघड विरोध केला. बिन लादेनवरच्या मोहिमेची सूत्रं हाताळलेला हा ॲडमिरल. त्याला शस्त्रांचं वावडं कोण म्हणेल? पण विधिमंडळाने त्यांचं ऐकलं नाही. वास्तुकला विभागाचे अधिष्ठाता फ्रिट्झ स्टाइनर पेनसिल्व्हेनियाला निघून गेले. कारणांत हा कायदाही होता.

अध्यक्ष ग्रेगरी फेनव्हस यांच्या हाती उरलं ते कुंपण आखणं. वसतिगृहांच्या खोल्यांत मनाई झाली. स्वतंत्र खोली असलेल्या प्राध्यापकाला आपल्या खोलीपुरती बंदी घालता आली, पण ती येणाऱ्याला तोंडी सांगायची. वर्गात तेवढंही नाही.

कायदा लागू झाला तो 1 ऑगस्ट 2016 ला, गोळीबाराला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. त्याच महिन्यात विद्यार्थ्यांनी दप्तरांना लैंगिक खेळणी लटकवून मोर्चा काढला. ती उघड मिरवणं नियमबाह्य आणि पिस्तूल कायदेशीर, ही विसंगती त्यांना दाखवायची होती. तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या: वर्गात पिस्तूल असेल या धास्तीने मोकळी चर्चा खुंटते, असं त्यांचं म्हणणं होतं. 2018 मध्ये अपील न्यायालयानेही त्यांचा दावा फेटाळला.

2021 पासून टेक्ससमध्ये बहुतेक सज्ञानांना पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. विद्यापीठाच्या इमारतीत शिरताना मात्र तो अजूनही लागतो.