बर्फगाडीचा क्लच

यंत्रांचा इतिहास सांगताना आपण इंजिनापाशीच थांबतो. त्याची ताकद पुढे पोचते कशी, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज स्नोमोबाइलच्या क्लचबद्दल बोलू.

1934 च्या हिवाळ्यात क्वेबेकमधल्या व्हालकोर्ट गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकचा लहानगा मुलगा दगावला. बर्फाने वाटा बंद, इस्पितळ गाठता आले नाही. 1937 साली बोंबार्डिएने बर्फावर चालणाऱ्या ट्रॅकचे पेटंट मिळवले आणि माणसे नेणाऱ्या मोठ्या गाड्या बांधल्या. एकदोघांपुरती हलकी 'स्की-डू' आली ती 1959 मध्ये.

हलक्या गाडीची अडचण वेगळी. डांबरी रस्त्यावर गिअर बदलताना गाडी तेवढ्यापुरती आपल्या वेगाने सरकते. भुसभुशीत बर्फात क्षणभर ओढ तुटली की गाडी रुतलीच! तेव्हा गिअर न तोडता बदलला पाहिजे. उपाय जुनाच होता. अमेरिकेत मिल्टन रीव्ह्जने लाकडाच्या गिरणीसाठी व्यास बदलणारी कप्पी केली होती. पण ती माणसाने हलवायची. इथे ती आपोआप हलते.

ती अशी. क्रँकशाफ्टच्या टोकाला समोरासमोर दोन तिरक्या तबकड्या. एक पक्की, दुसरी सरकती. मध्ये रबरी पट्टा. इंजिन मंद असताना स्प्रिंग तबकड्यांना दूर ठेवते, पट्टा सैल राहतो, गाडी उभी. (गिअर नसलेल्या आपल्या स्कूटरला यासाठी मागे वेगळा क्लच असतो, इथे कप्पीच क्लच.) फेरे वाढले की आतली वजने बाहेर फेकली जातात, सरकती तबकडी आत ढकलतात. पट्टा आधी पकडला जातो, मग वर चढतो. लांबी तीच, म्हणून मागच्या कप्पीत तो खाली उतरतो आणि वेग वाढतो. चढ लागला, ओझे वाढले, की मागच्या कप्पीतला नागमोडी उतार तबकड्या पुन्हा आवळतो. पट्टा तिथे वर येतो, ओढ वाढते.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. निर्णय घेतो कोण, हा आमचा आवडता प्रश्न. इथे कुणीच घेत नाही. वजने, स्प्रिंग आणि ओझे यांची ओढाताण चालते, एवढेच. मेकॅनिक वजन थोडे बदलतो, स्प्रिंग कडक घालतो, आणि इंजिन सर्वाधिक ताकदीच्या फेऱ्यांवर टिकते.

पट्टा मात्र घसरतो, तापतो, तुटतो. म्हणून जाणता चालक दुसरा पट्टा बरोबर घेतल्याशिवाय रानात शिरत नाही.