उत्तर कोंकणांतील मद्यनिषेध व सरकारी अंमलदार

वैतरणेच्या मुखावरील अर्नाळा इ. स. १७३७ त मराठ्यांनीं घेतला; १७३९ च्या जानेवारींत माहीम व तारापूर, मे महिन्यांत वसई हातीं आली. त्याबरोबर एक अवघड प्रश्नहि पदरीं पडला. पेशव्यांचें धोरण दारूबंदीचें, आणि येथें तर भंडाऱ्यांचा धंदाच ताडी काढण्याचा.

पेशवे रोजनिशीवरून न्या. रानड्यांनीं दिलेल्या हकीकतींत हा निवाडा सांपडतो. फिरंग्यांकडून घेतलेल्या मुलखांतील कोळी, भंडारी वगैरेंस जुनी संवय म्हणून मोकळीक दिली. ब्राह्मण, प्रभु व सरकारी अंमलदार यांस मात्र सक्त मनाई. यांतील तिसरें पद आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. पहिल्या दोघांची बंदी जातीवरून, तिसऱ्याची हुद्द्यावरून! रयतेस जें मोकळें, तें तिच्यावर अंमल करणारास वर्ज्य. नाशिकचे कांहीं संशयित ब्राह्मण कबूल होईनात म्हणून किल्ल्यांत कैदेंत पडले. खेड तालुक्यांतील एका मद्यपी पाटलाचें निम्में इनाम जप्त झालें. हा पाटील मराठा होता. तथापि देशावर बंदी सर्वांसच असल्यानें केवळ त्याच्या शिक्षेवरून हुद्द्याचा नियम सिद्ध करितां येत नाहीं.

पुढें इंग्रजी अमलांत १८७८ चा अबकारी कायदा व ठाणें-कुलाब्यांतील मोहाच्या फुलांवरील १८९२ चा कायदा झाला; त्यांची दृष्टि मुख्यतः वसुलाची.

केळवें-माहीम व तारापूर येथील जुन्या घराण्यांचीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं अंमलदारांस दिलेल्या ताकिदींचे कागद, फुटकळ वाटले तरी, वेगळे काढून ठेवावे.